‘शंभरपर्यंत येतं’ म्हणजे नेमकं काय येतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा उघडून महिना झाला की पहिलीच्या पालकसभेत एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘आमच्या पोराला शंभरपर्यंत येतं.’ पोर खरंच उभं राहतं आणि एका दमात एक ते शंभर म्हणून मोकळं होतं. टाळ्या पडतात. आता त्याच पोरापुढे रबर लावून बांधलेल्या दहा-दहा काड्यांच्या चार पेंड्या आणि सहा सुट्या काड्या ठेवा आणि ‘सगळ्या मिळून किती?’ एवढंच विचारा.

काही मुलं सरळ रबर काढून काड्या विस्कटतात आणि एकपासून मोजायला लागतात. मध्येच एखादी काडी दोनदा मोजली जाते, उत्तर पंचेचाळीस नाहीतर सत्तेचाळीस येतं. काही मुलं पेंड्यांवर बोट ठेवून ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणतात आणि न थांबता सुट्या काड्यांवर ‘पाच, सहा...’ करत दहावर येतात. उत्तर : दहा. आणखी काही जण ‘दहा, वीस, तीस, चाळीस’ असं छान म्हणतात, पण सुट्या काड्या आल्या तरी गाडी त्याच रुळावर, ‘पन्नास, साठ, सत्तर...’ उत्तर : शंभर. चाळीसवर थांबून ‘एक्केचाळीस, बेचाळीस’ असं पुढे मोजणारी थोडी. पेंड्या बघून ‘चाळीस’, सुट्या बघून ‘सहा’, म्हणून ‘सेहेचाळीस’ म्हणणारी त्याहून थोडी. समोर वस्तू त्याच, आणि उत्तर दहापासून शंभरपर्यंत कुठलंही. यातल्या जवळजवळ सगळ्यांना उजळणी तोंडपाठ असते.

कोणतं मूल कुठल्या पायरीवर आहे हे या एका प्रश्नातून दोन मिनिटांत कळतं. म्हणून पाटीवर शंभरपर्यंत लिहून घेण्याऐवजी हा प्रश्न आधी विचारावा, असं आम्हांला वाटतं. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेतसुद्धा ९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं हे पहिलीच्या शेवटचं उद्दिष्ट आहे. बालवाडीतल्या चार वर्षांच्या पोरानं शंभर म्हणावं, असं कोणीही मागितलेलं नाही. ती हौस आपलीच.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्याकडचं मूल घरात मराठी आकडे ऐकतं, दुकानात आणि बसमध्ये कन्नड, शाळेत किंवा ट्यूशनला इंग्रजी. या तिन्ही भाषा दहाचा हिशेब वेगवेगळ्या तऱ्हेनं बोलतात. मराठीत सुटे आधी आणि दहा मागून येतात. ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी कानावर पडतात, चाळीस नंतर. लिहिताना मात्र ४ आधी. म्हणून त्रेचाळीस ऐकून ३४ लिहिणारं, बावन्न ऐकून २५ लिहिणारं मूल बेसावध नसतं. उलट ते कानाला जे पडलं ते प्रामाणिकपणे त्याच क्रमानं उतरवतं. कन्नडमध्ये उलट आहे. नलवत्तमूरु म्हणजे नलवत्तु आणि मूरु, चाळीस आधी आणि तीन मागून, जसं लिहितो तसंच. ऐवत्तेरडु म्हणजे ऐवत्तु आणि एरडु. इंग्रजी दोन्हीकडे पाय ठेवून आहे. थर्टीन ते नाइन्टीन मराठीसारखे सुटे आधी, ट्वेन्टी-वनपासून पुढे कन्नडसारखे दहा आधी. त्यात थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फॉर्टी हे कानाला सारखेच लागतात, ते वेगळं. कन्नडमध्येही एक खड्डा आहे : ओंबत्तु म्हणजे नऊ आणि तोंबत्तु म्हणजे नव्वद. एका अक्षराच्या फरकानं मूल नवाचे नव्वद करतं.

मराठीतली सगळ्यांत अवघड जागा म्हणजे ‘एकोण’. एकोणचाळीस ऐकलं की मुलाला ‘चाळीस’ ओळखीचं वाटतं. ते ४ लिहितं आणि मग एक किंवा नऊ काहीतरी जोडतं, ४१ नाहीतर ४९. एकोणसाठचे ६९ होतात. कन्नडमध्ये ही अडचण नाहीच, मूवत्तोंबत्तु म्हणजे सरळ तीस आणि नऊ. पण ‘एकोण’ ही नुसती कटकट नाही. एकोण म्हणजे एकानं उणा. मुलाच्या हातात चार पेंड्या द्या आणि एक काडी परत मागा. रबर काढावं लागतं, तीन पेंड्या आणि नऊ सुट्या उरतात. हे पाच-सात वेळा केलं की एकोणचाळीस हा शब्द त्याला उलगडतो. पुढे दुसरीत ३९ + २५ करताना तेच मूल ‘चाळीस नि पंचवीस पासष्ट, एक कमी चौसष्ट’ असं तोंडी करतं. ही युक्ती मराठीनं शब्दातच ठेवून दिली आहे, आपण ती शिकवत नाही एवढंच. (नव्व्याण्णवला आपण एकोणशंभर का म्हणत नाही, असं एखादं मूल विचारतंच. विचारलं तर शाबासकी द्यावी. ते नियम शोधतंय.)

२०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात २१, २२ चं ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. त्या वादात पडण्याची आपल्याला गरज नाही. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आधीच आवाज चढतात, निदान आकड्यांना तरी त्यातून वगळू या. आमचं म्हणणं इतकंच, की जुनी नावं टिकलीच पाहिजेत. पाढे, बाजार, घरातली बोली सगळं त्यांच्यावर उभं आहे. पण नावाच्या आधी वस्तू हवी आणि नावासोबत फोड हवी. ‘चार पेंड्या तीन सुट्या, चाळीस नि तीन, त्रेचाळीस’ असं तीन पायऱ्यांनी म्हणायचं. पुस्तकात ‘दशक’ आहे, शिक्षक ‘गठ्ठा’ म्हणतात, पण आपल्याकडच्या मुलांना बाजारातली मेथीची पेंडी माहीत आहे. सुरुवात तिथून करावी, दशक हा शब्द महिन्याभरानं आला तरी चालतो.

मराठी माध्यमाच्या शाळांत कन्नडचा तास असतोच. त्या शिक्षकांनी गणिताच्या शिक्षकांशी बोलून त्याच पेंड्या त्या तासाला वापरल्या तर दोन्ही विषयांचं काम होतं. चार पेंड्या उचलून ‘नलवत्तु’, त्यावर दोन काड्या ठेवून ‘नलवत्तेरडु’. मराठीत उलटे अंक लिहिणारी मुलं इथे बरोबर लिहितात, आणि मग तेच अंक मराठीत वाचून घेता येतात. एक काळजी मात्र घ्यावी. एका बैठकीत एकच भाषा. एकाच दमात बेचाळीस, नलवत्तेरडु, फॉर्टी-टू म्हणवून घेणं दिसायला झकास, पण मुलाच्या डोक्यात त्याचा काला होतो. अंकांच्या आकृत्यांचंही तेच. दिनदर्शिकेवरचे देवनागरी अंक, मोबाइलवरचे इंग्रजी आणि कधी बसच्या पाटीवरचे कन्नड. त्यात देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ इतके सारखे दिसतात, की १५ ला पंच्याण्णव वाचणारी मुलं भेटतात. पहिल्या वर्षी लिहायला एकच आकृती ठेवावी, बाकीच्या ओळखण्यापुरत्या.

आता सामानाचं. दोन मुलांच्या जोडीला १२० काड्या आणि १२ रबर लागतात. वरच्या २० काड्या हरवण्यासाठी, त्या हरवतातच. तीस मुलांच्या वर्गाला १८०० काड्या झाल्या. खानापूरकडे बांबू आहे, अथणी-चिक्कोडीकडे ज्वारीचा कडबा. ताटाचा वरचा, पेन्सिलीएवढ्या जाडीचा भाग घेऊन बोटाएवढे, आठ-नऊ सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि टोकं घासून घ्यावीत. खराट्याचे हीर फार बारीक पडतात, दहाची पेंडी हातात भरल्यासारखी वाटत नाही. टूथपिक नकोच, टोचतात. चिंचोके मोजायला उत्तम, पण त्यांची पेंडी बांधता येत नाही. ते वापरायचे तर काड्यापेटीत दहा भरून झाकण लावावं, तरी आतले दिसत नाहीत ही खोट राहतेच. दहाचा ‘एक’ झाला तरी आतले दहा दिसले पाहिजेत आणि हवे तेव्हा सोडवता आले पाहिजेत, पेंडीचं सगळं महत्त्व यातच आहे. दहाच्या नोटेत हे होत नाही. नोट सोडवली तर फाटते. म्हणून नोटा आणि तारेवरच्या मण्यांची चौकट या गोष्टी पेंड्यांनंतर, निदान दोन महिन्यांनी. मणी एकाच्या तारेवरचा असो की दहाच्या, दिसतो सारखाच. पाच-सहा वर्षांच्या मुलानं त्यावर विश्वास का ठेवावा?

पेंड्या शिक्षकांनी बांधून देऊ नयेत. इथेच बहुतेक वर्गांत चूक होते. वेळ वाचवायला तयार पेंड्या वाटल्या जातात आणि मुलासाठी ती ‘पेंडी’ नावाची एक वस्तू होते, दहा काड्या होत नाहीत. मुलानं स्वतः मोजून बांधावी आणि जोडीदारानं तपासावी. दोन्ही पंजे जमिनीवर टेकवून प्रत्येक बोटापुढे एक काडी ठेवली, की नवाची आणि अकराची पेंडी लगेच पकडली जाते. अशा चुकीच्या पेंड्या दर वर्गात चार-दोन असतातच, आणि त्या सापडल्या नाहीत तर पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

पेंडीच्याही आधी दहाच्या जोड्या पक्क्या व्हायला हव्यात : नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन, सहा-चार, पाच-पाच. यासाठी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्यावा. तीस अंड्यांच्या ट्रेमध्ये पाच-पाच खळग्यांच्या सहा ओळी असतात. दोन-दोन ओळींचे तीन तुकडे केले की दहा-दहा खळग्यांच्या तीन चौकटी मिळतात. एकात सात चिंचोके टाकले की तीन खळगे रिकामे दिसतात, मोजावे लागत नाहीत. मग ८ + ५ विचारलं की मूल पाचातले दोन पहिल्या चौकटीत टाकून ती भरतं आणि तीन उरतात. दहा नि तीन, तेरा. बोटांवर आठच्या पुढे पाच मोजणाऱ्या मुलाला हे अजून दिसलेलं नसतं, म्हणून ते मोजत राहतं. त्याला ‘बोटं नको’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. दहाची जोडी दिसायला लागली की बोटं आपोआप मागे पडतात.

खेळ एकच पुरतो. एक फासा, मध्ये काड्यांचा ढीग. पडेल तेवढ्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की लगेच पेंडी. न बांधता पुढचा फासा टाकला तर पाळी जाते. फाशाची सरासरी साडेतीन, म्हणून पाच पेंड्या व्हायला साधारण चौदा-पंधरा पाळ्या लागतात. तासाच्या अर्ध्या वेळात खेळ संपतो. दुसऱ्या आठवड्यात उलटा खेळ : पाच पेंड्यांनी सुरुवात आणि पडेल तेवढ्या काड्या परत. पहिल्याच पाळीला पेंडी सोडवावी लागते. दुसरीत वजाबाकीत ‘उसना घेणे’ शिकवताना जी तारांबळ उडते, तिचं मूळ इथे आहे. बांधायला शिकवतो, सोडवायला शिकवत नाही.

दहा-दहानं पुढे जाणं म्हणजे ‘दहा, वीस, तीस’ एवढंच नव्हे. ते तर गाण्यासारखं पाठ होतं. खरं कौशल्य म्हणजे कुठल्याही संख्येपासून दहा पुढे जाणं. दोन सुट्या काड्या ठेवायच्या आणि शेजारी एकेक पेंडी वाढवत जायचं : दोन, बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. इथे मराठीची गंमत कानाला कळते. दोन सुट्या हलत नाहीत, म्हणून शब्दाचं डोकं तसंच राहतं, ‘बा-ब-बे-ब्या’, आणि शेपूट तेवढं बदलतं. कन्नडमध्ये शेपूट तसंच राहतं, डोकं बदलतं : हन्नेरडु, इप्पत्तेरडु, मूवत्तेरडु. रोज एकच ओळ घ्यावी. सातची ओळ छान चालते. नवाची मात्र सगळ्यांत शेवटी, कारण ती एकोणीस, एकोणतीस अशी पुढच्या घराचं नाव घेते. चाचणी म्हणून ‘सात नि दहा किती?’ विचारावं. मूल सातच्या पुढे दहा बोटं मोजत असेल तर दहाची उडी अजून आलेली नाही, मग ‘दहा, वीस, तीस’ कितीही सुरात म्हणो.

भिंतीवरच्या शंभर घरांच्या तक्त्यावर एक घर खाली म्हणजे दहा जास्त, हे सगळे सांगतात. तक्ता ० ते ९९ चा की १ ते १०० चा, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. १ ते १०० च्या तक्त्यात तीस ही संख्या एकवीसच्या ओळीच्या शेवटी येते. ओळ भरली म्हणजे पेंडी भरली, म्हणून काड्यांशी हा तक्ता जुळतो. ० ते ९९ च्या तक्त्यात ३ नं सुरू होणारे सगळे अंक एका ओळीत येतात, म्हणून लिहिण्याशी तो जुळतो. आमच्या मते पहिल्या सहामाहीत पहिला आणि दुसऱ्या सहामाहीत दुसरा. दोन्ही एकदम लावले तर मुलं गोंधळतात.

बेरीज उभी मांडायची घाई हा आपल्याकडचा जुना रोग. २७ + ३५ उभी मांडली की सात नि पाच बारा, दोन नि तीन पाच, उत्तर ५१२. मुलाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं ती दोन वेगळी गणितं आहेत. आधी आडवी करावी. वीस नि तीस पन्नास, सात नि पाच बारा, पन्नास नि बारा बासष्ट. किंवा एका रेघेवर उड्या : ३८ + २५ साठी ३८ वरून ४८, ५८, मग दोनची उडी ६०, मग तीनची ६३. रेघेवर आधीपासून आकडे छापलेले नसावेत, मुलानं उडी मारावी तिथे लिहावा.

आणि उभी मांडणी येईल तेव्हा ‘हातचा एक’ हा शब्द जपून वापरावा. तो एक म्हणजे एक काडी नव्हे, एक पेंडी. आपल्या शब्दातच सोय आहे : सात नि पाच बारा काड्या झाल्या, दहाची पेंडी बांधून मुलानं ती खरोखर हातात धरावी, दोन काड्या खाली ठेवाव्यात. ‘हातचा काय?’ ‘एक पेंडी.’ मग ती पेंडी दशकाच्या घरात इतर पेंड्यांजवळ ठेवायची. आठवडाभर असं केलं की डोक्यावर छोटा १ लिहिणं ही त्याची आठवण राहते. नाहीतर तो १ कुठून आला आणि कुठे गेला, हे चौथीपर्यंत कळत नाही. १६ काड्या पुढे ठेवून ‘या १६ मधला १ म्हणजे यातल्या किती काड्या?’ असं विचारून बघा. एकच काडी उचलणारी मुलं तिसरीतही भेटतील.

पालकांसाठी एक गोष्ट. १ ते १०० पाच वेळा लिहून आणा, हा गृहपाठ बघायला गंमत वाटते. मूल आधी वरून खाली १, १, १, १ अशी रांग काढतं, मग २, २, २, आणि शेवटी शेजारी ० ते ९ भरत जातं. वही सुंदर, एकही संख्या मनात आलेली नाही. त्यापेक्षा बाजारातून आल्यावर पिशवीतली लिंबं, बोरं, भुईमुगाच्या शेंगा दहा-दहाच्या वाट्यांत मोजून घ्या. दहाची नाणी घ्यायला दुकानदार कुरकुरतात, ती घरात जमवा आणि एकेक रुपयाच्या दहा नाण्यांशी बदली करायला लावा. दिवसाला दहा मिनिटं भरपूर झाली.

शाळांकडेही थोडं मागणं आहे. दहाचे ठोकळे, मण्यांच्या माळा असलेल्या गणिताच्या पेट्या काही शाळांत कपाटात कुलूपबंद पडून असतात, कारण एखादा तुकडा हरवला तर जाब कोण देणार? हरवला तर हरवला, असं एसडीएमसीनं (शाळेच्या विकास व देखरेख समितीनं) एकदा ठरावात लिहून द्यावं आणि पेट्या वर्गात आणाव्यात. पेटी नसेल तर सामान फुकटात होतं. साधी रबरबँड उन्हाळ्याच्या सुट्टीत वितळून काड्यांना चिकटतात, आणि ती दोन वेढे घालून चढवणं पाच वर्षांच्या बोटांना जमतही नाही. सुतळीची गाठ सुटत नाही. पंक्चरवाल्याकडून सायकलची फाटकी ट्यूब आणून तिचे एकेक सेंटिमीटरचे काप करावेत. ठिगळं आणि व्हॉल्व्हचा भाग टाकूनही एका ट्यूबचे दीडशेच्या वर निघतात, दहा काड्यांवर एका वेढ्यात घट्ट बसतात आणि मुलाला स्वतः चढवता-काढता येतात. तीस मुलांच्या वर्गाला १८० लागतात, म्हणजे दोन ट्यूब.

आपले,
प्राथमिक वर्गांना गणित शिकवणारे काही शिक्षक,
खानापूर-बेळगाव